उजवीकडचा ढवळ्या

माझा स्वभाव संशयी आहे. आमच्या मेनोनाइट ख्रिस्ती मंडळीत मी अनेक वर्षे पंच म्हणून काम केले, तरी तो गेला नाही. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की माझे ओठ थांबत. शेजारच्यांना ते कळत नसे. मला कळत असे.

कारण एकच होते. मी सात वर्षांचा असताना आई बाळंतपणात अडली. मिशनचा दवाखाना नदीपलीकडे. वडील लाकूडतोडीला दूर जंगलात. मिशनची बैलबंडी हाकणारा जयराम तिला घेऊन निघाला आणि संध्याकाळी तिचे प्रेत घेऊन परतला. नदी ओलांडली होती, पलीकडच्या वाटेवर तिने प्राण सोडला, असे तो सांगे. वडिलांना ते पटले नाही. पाणी पाहून भ्याला आणि निम्म्यातून फिरला, असे ते अखेरपर्यंत म्हणत राहिले. त्यांच्यामागे शेत माझ्या भावाकडे गेले. हा संशय माझ्याकडे आला. आमच्यात प्रभुभोजनाआधी बंधू एकमेकांचे पाय धुतात. जयरामचा मुलगा दौलत बाकाच्या ज्या टोकाला बसे, त्याच्या दुसऱ्या टोकाला मी बसत असे. त्याचे पाय माझ्या वाट्याला येऊ नयेत, एवढ्यासाठी.

गेल्या हिवाळ्यात वरोऱ्याहून एक अनोळखी गृहस्थ आले. त्यांनी आपला फोटो स्टुडिओ बंद केला होता. आवराआवरीत जुन्या मिशनऱ्यांची स्लाइडांची पेटी सापडली, ती तुमच्या मंडळीची आहे, म्हणून घेऊन आलो, असे ते म्हणाले. ते काहीच मागत नव्हते. म्हणूनच मला त्यांचा संशय आला. मंडळीची जागा सडकेला लागून आहे; अशी माणसे आधी चित्रे दाखवतात आणि मग कागद पुढे करतात. मी ओळखपत्र मागितले आणि त्यावरचे नाव व पत्ता उतरवून घेतला. ते रागावले नाहीत. त्यामुळे संशय वाढलाच.

रविवारी उपासना संपल्यावर खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भिंतीवर चादर ताणली, गृहस्थांनी प्रोजेक्टर लावला. मोहाखाली भरलेली रविवारची शाळा, सुपात तांदूळ पाखडणाऱ्या बायका, नाताळाची पंगत, नव्या घंटेभोवती जमलेले लोक. सोनाबाईंनी आपल्या नवऱ्याला ओळखले आणि म्हणाल्या, "पाहा, तवा केस होते याले. मी उगाच नाई हो म्हनलं." मंडळी हसली. मी त्या गृहस्थांच्या हातांकडे पाहत होतो.

मग नदी आली. भरलेल्या पाण्यात बंडी, पुढे वेसण धरून छातीइतक्या पाण्यात जयराम. चटईच्या आडोशाखाली वाकळ होती आणि तिला माझ्या जुन्या सदऱ्याचे पिवळे ठिगळ होते. बंडीच्या काठाला एका हाताने घट्ट धरले होते. तो माझ्या आईचा हात. तिचा दुसरा फोटो नाही.

चित्र नदीत घुसलेल्या काळ्या खडकावरून काढलेले होते. खडकाची कड खाली दिसत होती आणि पाणी समोरून येत होते. तिथे तसे उभे राहिले की डाव्या हाताला दवाखाना, उजव्या हाताला आमचे गाव, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. बंडी उजवीकडे चालली होती. आई जिवंत होती आणि जयराम तिला परत आणत होता.

कोणीतरी मागून म्हणाले, "म्हंजे बुढा खरंच बोलत होता." बुढा म्हणजे माझे वडील. दौलतच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्याला भिंतीवरचे काही दिसत नव्हते. त्या बोलण्यावरून समजले. तो काठी चाचपत उठला.

साठ वर्षे मी ज्याची वाट पाहिली, ते माझ्यासमोर होते. आणि तेव्हाच मला बैल दिसले. मिशनचा पांढरा बैल ढवळ्या जुवाला उजवीकडे जुंपलेला होता. ढवळ्याला मी स्वतः नदीवर धूत असे. तो जन्मभर डावीकडेच चालला; उजवीकडे जुंपला की रस्त्यातच बसकण मारी. हे जाणणारे आम्ही दोघेच उरलो होतो, मी आणि दौलत. त्यातल्या एकाला दिसत नव्हते.

मी किती वेळ गप्प बसलो, ते सांगता येणार नाही. फार नसावा. पण त्या वेळात मी कोण आहे, ते मला पुरते कळले. मी प्रार्थना केली नाही. तरीही तोंडून शब्द गेले. "दौलत, बस. चित्र उलटं हाये. फिरवा ते."

गृहस्थ ओशाळले. त्या स्लाइडची चौकट मोडली होती, नवी बसवताना चूक झाली, म्हणाले. त्यांनी ती फिरवून लावली. ढवळ्या डावीकडे आला आणि आईची बंडी दवाखान्याच्या दिशेने वळली. पुढे काय झाले, ते चित्र सांगत नाही. ते जयरामने सांगितले होते.

गृहस्थ दुपारच्या एसटीने गेले. मी आभार मानले नव्हते. संशयाने उतरवून घेतलेला पत्ता होता, त्यावर पत्र लिहिले.

पुढच्या प्रभुभोजनाला मी घमेले घेऊन दौलतसमोर बसलो. त्याने पाय पुढे केले आणि हळूच म्हणाला, "लय उशीर केला भाऊ. तवा पाय तरी पाहन्यासारखे होते."

"तुले कुठी दिसतात आता," मी म्हणालो. त्याचे खांदे हलले. तो हसत होता असे मी समजलो. मी वर पाहिले नाही.

याला चमत्कार म्हणावे असा माझा आग्रह नाही. एका माणसाच्या हातून स्लाइड उलटी बसली, इतकेच. पण ती सरळ लागली असती, तर हीच उलटी आहे असे मी म्हटले असते, आणि कोणी मला खोटे ठरवू शकले नसते. देवाला माझा स्वभाव ठाऊक होता. त्याने मला खरे दाखवले नाही. माझ्याच तोंडून ते काढून घेतले. धरून ठेवलेले सोडणे माझ्या बळाचे नव्हते. ते सुटले, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

ती ओळ आता मी इतरांबरोबर म्हणतो. आवाज मोठा नसतो.