धरलेलं पोट

वजनकाट्यावर चढली की ती दोन्ही हातांनी पोट वर उचलून धरायची. "ताई, हे मी धरलंय. बाकीचं मोज."

रांगेतल्या बाया हसायच्या. मीही हसायचे. डहाणूला एचआयव्हीच्या गोळ्या मिळायच्या त्या केंद्रात मी समुपदेशक होते. ती तलासरीकडच्या एका पाड्यावरून यायची. घोलवडच्या वाडीत चिकू निवडायची. नवरा याच आजाराने गेलेला, पण पाड्यावर कोणाला माहीत नव्हतं. गोळ्यांची बाटली ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची.

सुरुवातीच्या जुन्या गोळ्यांनी तिचे गाल बसले, हातपाय काटक्यांसारखे झाले आणि पोट तेवढं सुटलं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, कारण कळलं नसेल. वजन वाढतंय म्हणून मी कार्डावर 'प्रगती चांगली' लिहीत राहिले.

२०१५च्या उन्हाळ्यात मात्र ती हसली नाही. पाच महिने पाळी नव्हती. या आजारात हार्मोन्स बिघडतात, तसं होतं.

"जाऊ विचारते, नवरा मरून चार वर्षं झाली, मग हे कोणाचं? घरातून काढतील, ताई. पोटात काय नाय, असा कागद दे."

"गोळ्यांमुळे होतं, असं सांग."

"कसल्या गोळ्या, विचारतील ना!"

आमचा शिक्का असलेला कागद तिला दाखवता आला नसता. पण पलीकडच्या ओपीडीत लघवी तपासून साध्या केसपेपरवर लिहून मिळालं असतं. मी फक्त सोबत जायचं होतं. दीड वाजला होता, माझा डबा उघडलेला होता. "पुढच्या महिन्यात बघू," म्हणाले. हे आजवर मी कोणालाही सांगितलेलं नाही.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. भातकापणीच्या दिवसांत आली, जावेच्या खांद्यावर हात टाकून.

जावेला बाहेरच्या बाकावर बसवून मी विचारलं, "गोळ्या का सोडल्यास गं?"

"तूच बोललीस ना, गोळ्यांनी होतं." मग दारातून जावेकडे बघून हळूच म्हणाली, "आता बोलते माझ्याशी."

गोळ्या पुन्हा सुरू केल्या. त्या लागू पडायच्या आत ती गेली.

जावेसोबत आली त्या दिवशी काट्यावर चढल्यावर सवयीने तिचे हात पोटाकडे गेले. धरायला काही उरलं नव्हतं. हात तिने खाली सोडले.

"सगळं मोज, ताई."

एकतीस किलो.