मुलाचं घड्याळ

बस डेपोत उभी हयात काढलेल्या या कंट्रोलरना आमच्या गल्लीत सगळे 'टाइमटेबल' म्हणतात. गाडी मिनिटभर उशिरा सुटणं म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. रिटायर झाले, बायको गेली, तरी सवय सुटली नाही. एकट्यापुरता चहासुद्धा घड्याळ बघून टाकतात.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्यांच्या घराखाली. परवा सकाळी शटर वर करतोय, तोच हे जिन्यात उभे.

"अहो, मुलाचं घड्याळ गेलं."

मुलाचं घड्याळ म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातला एक चिमुकला प्रोग्राम. परदेशी जाताना मुलगा बसवून गेला होता. तिकडे किती वाजले ते त्यात दिसायचं, आणि टाइमटेबल त्याच्यासमोर खुर्ची टाकून दिवस काढायचे. आता उठला असेल, आता ऑफिसात पोचला असेल. फोन मात्र फक्त रविवारी सकाळी, तिकडची रात्रीची जेवणं उरकली की.

अपडेट आलं आणि घड्याळ गायब. ही अपडेटवाली मंडळी न विचारता घरात घुसतात आणि सामान हलवून जातात. मी वर जाऊन मशीन बंद-चालू केलं, काही नाही. जुना प्रोग्राम नव्या सिस्टिमला चालेना. शेवटी तो काढून नवा टाकला. त्याने शहर विचारलं. टाइमटेबलांनी ते अनाउन्समेंट केल्यासारखं खणखणीत सांगितलं. घड्याळ उमटलं: रात्रीचे नऊ.

"झालं काम," मी म्हणालो.

"थांबा. ताळा केल्याशिवाय मी कुठलंच घड्याळ मानत नाही." त्यांनी मुलाला नेटवरून फोन लावला.

नातीने उचलला. "आजोबा, मी बूट घालतेय. शाळेची बस येईल आता."

"अगं, रात्री नऊला कसली शाळा?"

"रात्र कुठाय? सकाळ आहे!"

मागे काहीतरी कुजबुज झाली आणि मुलगा बोलायला लागला. "बाबा... आम्ही परत आलोय. बदली झाली. सांगणारच होतो."

"कधी आलात?"

"झाले सहा-सात महिने. घर लावायचं, हिची शाळा... राहूनच गेलं."

"कुठे असता?"

त्याने गावाचं नाव सांगितलं. मी माउसकडे बघत बसलो. दुसऱ्याच्या घरात अशा वेळी नजर कुठे ठेवायची, ते कुणी शिकवत नाही.

"बरं," टाइमटेबल म्हणाले. "तिथली गाडी मीच सोडायचो. तीन तासांत पोचते." मग पोरीला उशीर होईल म्हणून त्यांनीच फोन ठेवला.

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "रविवारी फोनवर जांभया द्यायचा. मला वाटायचं, दिवसभराचा दमलाय."

माझं डोकं असं फिरलं होतं, की त्या मुलाला फोनमधून ओढून बाहेर काढावं. पण आपण पडलो परके. मी एवढंच विचारलं, "काका, शहर बदलून देऊ? की काढूनच टाकू?"

त्यांनी खुर्ची स्क्रीनजवळ सरकवली. तिकडे नऊ वाजून गेले होते.

"नको, राहू द्या तसंच," ते म्हणाले. "तिकडे होता तोवर बिचाऱ्याला येता येत नव्हतं."