गळ्यातलं निळं कार्ड

पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात संगणकवाल्यांची परिषद भरली आहे. तिथे आलेल्या आयांची मुलं शेजारच्या खोलीत आम्ही सांभाळतो. सातवीतच शाळा सुटली माझी, तरी हे काम चालवणाऱ्या मॅडमनी ठेवून घेतलं, हे त्यांचे उपकारच. पण दिवसभर एकच धास्ती असते. एखादं पोर भलत्याच हातात गेलं तर?

आज दारात एक बाई डोकावली. दीड वर्षाची मीरा दुडदुडत गेली आणि तिच्या पायांना बिलगली. मुलाच्या आणि आईच्या मनगटावरच्या पट्टीवर एकच नंबर असतो, तो जुळवायला मी गेले. बाईचं मनगट मोकळं होतं.

"अहो, मी पाणी शोधतेय. माझं तर अजून लग्नही नाही झालं," ती हसली.

मीराने ओळखलं होतं ते तिच्या गळ्यातलं परिषदेचं निळं कार्ड. आईच्या गळ्यातही तसंच आहे ना.

मीराला कडेवर घेऊन मी आत आणलं. माझी लेक तिकडे गोंदियाला, माझ्या आईजवळ असते. रोज मला फोनमध्ये बघते, फोनलाच पापा देते. दिवाळीला मी दारात उभी राहीन, तेव्हा ती माझ्याकडे धावेल, की आजीच्या हातातल्या फोनकडे?