लेकींवर चाललेलं घराणं

माझी धाकटी नणंद उंदरांवर संशोधन करते. घरातले चोरटे उंदीर नव्हेत. संस्थेच्या प्राणीघरात भुशावर वाढणारे पांढरे. त्यांतले काही नर धडधाकट असूनही बाप का होऊ शकत नाहीत, हा तिचा जन्माचा विषय. वांझ म्हटलं की लोकांपुढे बाईच उभी राहते. त्यामुळे तिचा विषय ऐकून पुरुष आधी हसतात आणि मग घड्याळ बघतात. माझे यजमान होते तेव्हा पाहुण्यांना सांगायचे, "लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, आमची बहीण उंदीर पोखरून डोंगर काढणार आहे."

"काढीन, दादा," ती म्हणायची. "तू फक्त जेवायला थांबू नकोस."

तिनं लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिली. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "हिला घर नको, दार नको. उंदराला पोर का नाही, ही हिची काळजी!" मला दोन्ही मुली झाल्या तेव्हा त्याच सासूबाईंनी वंश बुडाला म्हणून उसासे टाकले. नणंद जेवता जेवता म्हणाली, "वंश कुणावर चालतो ते प्राणीघरात येऊन बघ, आई." त्या काही गेल्या नाहीत.

गेल्या असत्या तर त्यांना एक मादी दिसली असती. तिच्या मुलग्यांपैकी काहींना पिल्लं होत नव्हती. संध्याकाळी त्यांच्या पिंजऱ्यात मादी सोडायची आणि सकाळी तिच्या अंगाशी छोटं पांढरं बूच सापडतं का ते बघायचं. उंदरांत ती समागमाची खूण असते. बूच सापडायचं, पिल्लं नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळलं की या नरांच्या वृषणात बीज तयार होता होता अर्ध्यावर थांबतं. दोष एका जनुकात होता आणि तो आईकडून येत होता. आई स्वतः ठणठणीत, लेकुरवाळी. तिच्या निम्म्या मुलग्यांत दोष उतरायचा आणि ते निपुत्रिक राहायचे. निम्म्या मुली मात्र तो पोटात घेऊन पुढच्या पिढीला द्यायच्या. म्हणजे सगळं घराणं लेकींवर चाललेलं. नणंद त्याला घराणंच म्हणायची. अठरा-वीस वर्षं तिनं ते पोटच्या पोरासारखं जपलं. पुढे एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना, मूल न होणाऱ्या काही पुरुषांत तोच दोष सापडला. तेव्हापासून दोघी मिळून काम करत होत्या.

गेल्या वर्षी प्राणीघरात हवा खेळती ठेवणारी नवी यंत्रणा बसवायची म्हणून प्रत्येक विभागाला पिंजरे निम्मे करायला सांगितलं. नणंदेनं आपल्या विभागप्रमुखाला लिहून दिलं: तपासणी झालेले म्हातारे नर काढा, माद्यांना हात लावू नका. मग ती एका प्रबंधाची परीक्षा घ्यायला परगावी गेली. परत आली तेव्हा तिच्या मांडणीवर नुसते नर होते. माद्या, त्यांच्या लेकी, गाभण होत्या त्यासुद्धा, सगळ्या मारून टाकल्या होत्या.

त्या दुपारी ती दारातच उभी राहिली. "वहिनी, गेलं सगळं."

मला वाटलं, नात्यातलं कुणी गेलं. कळल्यावर मी तिला रडायला सांगितलं. ती रडली नाही. स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. इतक्या जोरात, की एका पातेल्याचा कान निघाला.

दोन दिवसांनी विभागप्रमुख घरी आला. हा तिचाच जुना विद्यार्थी. हातात सफरचंदांची पिशवी, चेहरा आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा.

"मॅडम, जरा घोटाळा झाला. तुमच्या कागदावर नर काढा असं होतं. मला वाटलं, घाईत उलटं लिहिलं गेलं. तुमचा विषय नर, मग नरच कसे काढणार? म्हणून मी दुरुस्त केलं."

"दुरुस्त केलंत."

"चांगल्या हेतूनंच हो."

"मला फोन का नाही केलात?"

"तुम्ही कामात होतात. म्हटलं, कशाला त्रास?"

मी चहाचं आधण उतरवून ठेवलं. या माणसाला माझ्या घरात चहा मिळणार नव्हता.

"माद्या काय, कुठूनही मागवू," तो म्हणाला.

"एक्स गुणसूत्र मुलाला कुणाकडून मिळतं?"

तो हसला. "आता या वयात परीक्षा घेणार का माझी?"

"घेणार. सांग." ती तुम्हीवरून तूवर आली होती.

"आईकडून."

"मग बाहेरून आणलेल्या मादीत हा दोष कुठून येणार? दुकानदार वर टाकून देणार आहे? उरलेल्या नरांत ज्यांच्यात दोष आहे त्यांना पोरं होत नाहीत, आणि ज्यांना पोरं होतात त्यांच्यात दोष नाही. वर्गात पहिला आला होतास ना रे तू?"

त्याचे कान लाल झाले. "खरं तर भ्रूण गोठवून ठेवायला हवे होते तुम्ही."

"माझा अर्ज तुझ्याच टेबलावर धूळ खातोय."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. यावर माणूस उठून गेला असता. यानं खिशातून कागद काढला. "वरून विचारणा होईल. प्राणीघरात संसर्ग झाला, म्हणून घराणं बंद केलं, असं लिहिलंय. तुमची सही झाली की विषय मिटला. तुमच्या खोलीला, नोकरीच्या राहिलेल्या दोन वर्षांना धक्का लागणार नाही, हे मी बघतो."

तिनं कागद वाचला. मग इतक्या हळू बोलायला लागली की मला भीती वाटली. "माझे नर आजारी होते असं मी लिहून देऊ? उद्या कुणीही म्हणेल, त्यांना पिल्लं होत नव्हती ती रोगामुळे, जनुकाबिनुकाचं काही नाही. म्हणजे जनावरं तू मारलीस आणि वीस वर्षांचं काम मी माझ्या सहीनं मारायचं. इस्पितळातल्या त्या बाई या कामाच्या भरवशावर नवऱ्यांना सांगतात, दोष तुमच्यात आहे, बायकोला छळू नका. त्यांनी उद्या काय सांगायचं?"

"इतकं कोण बघतंय, मॅडम?"

"बस. उठू नकोस."

तिनं फोन उचलला आणि डॉक्टरीणबाईंना लावला. "मी बोलतेय. आपलं घराणं संपलं. नाही, रोग नाही. एकही जनावर आजारी नव्हतं. माझ्या विभागप्रमुखानं सगळ्या माद्या मारायला लावल्या. चुकून म्हणतोय. हो, इथेच बसलाय माझ्यासमोर. आपल्या पुढच्या लेखात हे असंच छापायचं, हुद्द्यासकट. देऊ त्याच्याकडे?"

तो दोन्ही हातांनी नको नको करत उभा राहिला. जाताना दारात म्हणाला, "तुम्ही जरा विचार करायला हवा होता."

"तो तू करायचा होतास."

सफरचंदांची पिशवी मी त्याच्या हातात परत दिली. तोंडावर मारली नाही, हे माझ्या शाळेतल्या नन्सच्या शिस्तीचे उपकार.

महिनाभरात नणंदेची खोली काढून घेतली. आता ती ग्रंथालयाच्या कोपऱ्यात, नळाशेजारच्या टेबलावर बसते. लेख छापून आला, जे घडलं ते त्यात जसंच्या तसं आहे. तो विभागप्रमुख उपसंचालक झाला. नातेवाईक म्हणतात, उंदरांसाठी एवढं कशाला ताणायचं? बैल गेल्यावर झोपा करणारा निदान झोपा तरी करतो. या संस्थावाल्यांना बैल रोगानं मेला असं मालकाकडूनच लिहून हवं होतं. ताणायचं नाही तर काय करायचं?

परवा मी तिला डबा द्यायला गेले, दोघी व्हरांड्यातून चाललो होतो, तर तो समोरून आला. चार माणसांत वाकून म्हणाला, "नमस्कार, मॅडम." ती सरळ पुढे बघत चालत राहिली.

मी हळूच म्हटलं, "वन्सं, निदान मान तरी हलवा. लोक बघतात."

"बघू देत, वहिनी. लोक बघतात म्हणूनच हलवत नाही."