शनिवारी घरी नेलेली यादी

मळमड्डीच्या गोपाळमास्तरांइतके माझ्यावर कुणाचेच उपकार नाहीत — आणि मी त्यांचं काय केलं, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथी ओलांडली नव्हती. मास्तरांनी मला घरी ठेवून घेतलं, इंग्रजी शिकवलं, बी.ए. होईपर्यंत स्वतःच्या पंक्तीला बसवलं. त्यांचा मुलगा श्रीनिवास मला अण्णा म्हणायचा.

लढाईच्या दिवसांत हुबळीच्या लष्करी डेपोत मी बंदोबस्ताचा सुपरवायझर होतो. गुप्त कागद कपाटाबाहेर जाता कामा नये — हा नियम सगळ्यांना मीच समजावायचो. श्रीनिवास माझ्या हाताखाली कारकून. कपाटाला दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, एक त्याच्याकडे.

एका शनिवारी कपाटातली मालगाड्यांची गुप्त यादी मी कोटाच्या खिशात घालून घरी नेली. चोरायची होती? छे. साहेबाला रिपोर्ट द्यायचा होता, आणि माझं इंग्रजी — पदवी असूनही — डिक्शनरीशिवाय पुढे सरकत नसे. कचेरीत, सगळ्यांदेखत, डिक्शनरी कशी उघडायची? लाज वाटली. एवढंच.

सोमवारी मी पोचायच्या आधीच साहेबानं कपाट उघडवलं होतं, आणि यादी जागेवर नव्हती. मला पाहून श्रीनिवास चक्क हसला. “आले बघा! अण्णा, तुम्हीच सांगा की साहेबांना — मी तसलं करीन काय?”

यादी माझ्या खिशात होती. काढून द्यायला कितीसा वेळ लागला असता?

मी म्हणालो, “किल्ली त्याच्याकडेही असते, सर.”

पोलिसांनी त्याला नेलं. दुपारी घरी येऊन मी यादी चुलीत घातली. त्याला जवळजवळ वर्षभर तुरुंगात ठेवलं. तो सुटला त्या आठवड्यात मास्तरांचं कार्ड आलं — मुलगा शपथ घेऊन नाही म्हणतो. पण तू तिथं होतास, तू सांगशील तेच मी खरं मानीन.

त्यांनी मानलंही. शेवटपर्यंत मुलाशी बोलले नाहीत.

मी पाठवलेलं पत्र हे असं होतं —

“तीर्थस्वरूप मास्तरांस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. कार्ड पोचले. चौकशी रीतसर झाली आहे. श्रीनिवासाची शपथ खरी असती, तर मला फार आनंद झाला असता. वय लहान, हातून घडले. त्याला क्षमा करावी. आपल्या कृपेने मला बढती मिळाली आहे. काकूंस नमस्कार.

आपला,
विठ्ठल”