जोडीनं कांडलेली चटणी

आमच्या हुबळीत शेंगदाण्याशिवाय स्वयंपाक करायचा म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. वांग्यात शेंगदाणा, पालेभाजीत कूट, भाकरीबरोबर शेंगाचटणी, सणाला शेंगाहोळगी, म्हणजे दाण्याच्या कुटाची पोळी. आणि पुरवठ्याला येतो किती! मूठभर कूट घातलं की पाव किलो वांग्यांत पाच माणसांचं भागतं. मी माझा संसार या कुटावरच काढला म्हणा ना.

आणि माझ्याच नातीला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे पित्त उठतं असं नव्हे. दीड वर्षाची असताना चिमूटभर होळगी तोंडात गेली तर घसा सुजून श्वास अडकला होता. "पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं," असं डॉक्टर तेव्हाच बोलले. आता ती पाच वर्षांची आहे.

मुलगा भाड्याचा टेम्पो चालवतो, सून देशपांडे नगरात साडीच्या दुकानात उभी असते. नात दिवसभर माझ्याकडे. माझ्या भरवशावर सून घराबाहेर पडते, आणि तिचा पगार आला नाही तर घरभाडं जात नाही. इतकं सरळ आहे.

बदाम-काजू आमच्या घराला परवडणारे नव्हेत. म्हणून मी कारळ्यांकडे वळले. काळी दिसते, पण कारळ्याची चटणी दह्यात कालवली की पोर अख्खी भाकरी खाते. ती कांडायला जुन्या हुबळीत डंकावर जायचं. डंक म्हणजे मिरची-चटणी कुटायचं यंत्र. तिथं अर्धा किलो नेलं तरी दर किलोचाच. मग आमच्या गल्लीतल्या बायका जोडी करतात: तुझं अर्धं, माझं अर्धं, एकापाठोपाठ एक कांडायचं, पैसे निम्मे निम्मे. मी जोडीत कधी जायची नाही. सकाळी डंक उघडायच्या आधी उभी राहायची, उखळ पुसून घ्यायची, एकटीचे पूर्ण पैसे द्यायची.

त्या महिन्यात टेम्पो बिघडून बसला होता. शेजारीण म्हणाली, "अक्का, माझं अर्धा किलो जवस आहे. चल की जोडीनं."

"नुसतं जवस ना?"

"जवसच गं बाई! दुसरं काय?"

तिचं आधी झालं, मग माझं. मी उखळ दोनदा पुसायला लावलं. डंकवाला हसायला लागला. "एनू आगूदिल्ल बिडरी अक्का," म्हणाला. काही होत नाही हो, सोडा. मीही सोडलं.

दुपारी पोरीनं चार घास खाल्ले आणि म्हणाली, "आज्जी, जीभ चावतीय."

मी म्हटलं, तिखट लागलं असेल. हे मी म्हटलं, दुसऱ्या कुणी नाही. पाणी दिलं. तिनं मान खाजवली, मग कान. मी हनुवटी धरून तोंड वर केलं तर खालचा ओठ फुगलेला. माझ्या हातातलं भांडं पडलं का मी ठेवलं, आठवत नाही. पोरीला काखोटीला मारलं आणि अनवाणी रस्त्यावर. माझा आरडाओरडा ऐकून शेजारीण धावत आली, तिनंच रिक्षा थांबवली, सुनेला फोनही तिनंच लावला.

रिक्षात मी शेजारणीला विचारलं, "जवसात काय घातलं होतंस?"

"काही नाही गं... चवीला मूठभर शेंगदाणे. मूठभराला काय शेंगाचटणी म्हणतात व्हय?"

पाच वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं. आमच्यात मूठभर शेंगदाणा मोजतच नाहीत, मिठासारखा तो धरलेलाच असतो. पोरीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी तिच्या ओठांकडे बघत होते, निळे पडतात का म्हणून.

दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडावर मास्क लावला. थोड्या वेळानं शिट्टी कमी झाली. तेवढ्यात सून आली, दुकानाचं ओळखपत्र अजून गळ्यात. डॉक्टरीणबाई आम्हा दोघींना विचारत होत्या, "खाल्लं काय?"

डंकवाल्याचं नाव सांगणं सोपं होतं. शेजारणीचं त्याहून सोपं, ती बिचारी बाहेर रडतच होती. खरं सांगितलं तर सून परत माझ्या हातात पोर देणार नाही, हे मला दिसत होतं. पण डॉक्टरीणबाई लिहून घ्यायला थांबल्या होत्या. मी म्हटलं, "मी जोडीनं कांडून आणलं. निम्मे पैसे वाचतात म्हणून."

सुनेनं माझ्याकडे बघितलंच नाही. पोरीचे केस मागं सारत राहिली.

संध्याकाळपर्यंत निरीक्षणाखाली ठेवून पोर घरी सोडली. पुढचे आठ दिवस सून कामावर गेली नाही. पोरीचं ताट तिनंच वाढलं, मला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. मुलगा एकदा म्हणाला, "अगं, आईनं काय मुद्दाम केलं?" तर ती म्हणाली, "मुद्दाम केलं असतं तर सोपं होतं."

मग दुकानातून फोन आला, उद्या आली नाहीस तर दुसरी बघतो. सकाळी सून साडी नेसून स्वयंपाकघरात आली.

"आत्ती, आज काय देणार तिला?"

"भात, तुरीचं वरण, दुधी. फोडणी पाकिटातल्या सूर्यफुलाच्या तेलाची."

तिनं एकेक डबा उघडून हुंगला. काळी चटणी तिनं आधीच टाकून दिली होती. गेली, दारातून परत आली, पोरीकडे बघितलं, पुन्हा गेली.

मी पोरीला पहिला घास दिला आणि शंभरपर्यंत मोजलं. मग दुसरा. वरण गार झालं, पोर वैतागली. "आज्जी, भूक लागलीय गं!"

एक वाजता फोन वाजला.

"जेवली?"

"जेवली."

"ओठ बघा."

"बघितले."

"परत बघा, आत्ती."

मी फोन कानाला धरूनच उठले, पोरीला खिडकीच्या उजेडात आणलं, आणि परत बघितले.