साईकृपेतला तिसरा मजला

ऐश्वर्या घाडी कुणाच्याही घरात शिरली की आधी वर बघते. यजमान पाणी आणतात, नवा सोफा दाखवतात. ही आपली छताचे कोपरे न्याहाळत उभी. मग न्हाणीघराच्या भिंतीवर टकटक, आणि जाताना वॉचमनला हळूच प्रश्न, "पाणी किती वेळ येतं हो?" घराची किंमत ठरवणं हा तिचा व्यवसाय. आज कोलशेतच्या टॉवरपासून टिटवाळ्याच्या नव्या इमारतींपर्यंत बँका तिला बोलावतात. कल्याणला ऑफिस आहे, हाताखाली सहा माणसं आहेत, आणि तिने दिलेला आकडा सहसा कुणी खोडत नाही.

हे मी कौतुकाने सांगतोय खरं, पण एके काळी तिला घरी बसवायला निघालेला माणूसही मीच.

मी तेव्हा डोंबिवलीतल्या एका सहकारी बँकेत कर्ज विभाग सांभाळायचो. स्वभाव असा, की शिपाईसुद्धा चहाचा कप टेबलाच्या कडेला ठेवून पळायचा. ऐश्वर्या आंबिवलीची. वडील धाकू घाडी कारखान्यात फिटर. पोरीने सिव्हिल इंजिनिअरिंग केलं, एका म्हाताऱ्या व्हॅल्युअरकडे पाच वर्षं टेप धरली, व्हॅल्युअरच्या परीक्षेत एकदा आपटली, दुसऱ्यांदा पास झाली, आणि सहा महिन्यांच्या बोलीवर आमच्या बँकेच्या व्हॅल्युअरांच्या यादीत, म्हणजे पॅनेलवर आली. पुढे तिचं नाव ठेवायचं की काढायचं, हे माझ्या शेऱ्यावर होतं. दुसरी कुठलीच बँक तिला अजून दारात उभं करत नव्हती.

पाचव्या महिन्यात रतन पाष्टेची फाइल आली. एसटीत मेकॅनिक. डोंबिवली पूर्वेला 'साईकृपा'त तिसऱ्या मजल्यावर घर घेत होता. आता डोंबिवलीत साईकृपा किती, ते साईबाबांनाच ठाऊक! ऐश्वर्याने बेल वाजवली आणि म्हणाली, "मापं घ्यायला आलेय."

"ये गं ये, सकाळपासून वाट बघतेय!" दार उघडणाऱ्या बाई म्हणाल्या. घरमालक पुण्याला आणि घरात भाडेकरू, असं फाइलीत होतंच, त्यामुळे दारावरचं नाव वेगळं दिसूनही तिला काही वाटलं नाही. बाई मागेमागे फिरत होत्या. "ओटा दोन इंच वर घे हं, माझी कंबर भरून येते." व्हॅल्युअरला लोक काय वाट्टेल ते सांगतात, म्हणून हिने मान डोलावली, मापं घेतली, वर पोहेही खाल्ले. छान कोरडं, हवेशीर घर. तसा अहवाल माझ्या टेबलावर आला.

तिसऱ्या दिवशी रतनचा तिला फोन. "मॅडम, घर बघायला कधी येताय? भाडेकरू विचारतोय."

त्या बाई स्वयंपाकघराचं फर्निचर करणाऱ्यांची वाट बघत होत्या. ऐश्वर्या दोन गल्ल्या अलीकडच्या साईकृपेत जाऊन आली होती!

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; ही तर तीन लाखांची होती. खऱ्या घरात नावापुरती चक्कर मारून गप्प बसली असती, तर कुणालाही कळलं नसतं. आकडा भरघोस, रतनला हवं तेवढं कर्ज, आणि पॅनेलवर नाव पक्कं. पण ती त्याच दुपारी खऱ्या घरी गेली. छताला ओल, बंद केलेली बाल्कनी खोली म्हणून दाखवलेली. घराची किंमत तीन लाखांनी उतरली. तो नवा अहवाल घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली.

"सर, मी चुकीच्या घरात गेलेले."

मी असा भडकलो, की काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. "ज्यांना घर सापडत नाही, ते किंमत काय ठरवणार?"

तिने नवा अहवाल माझ्यापुढे सरकवला. "माझं नाव काढा सर. पण सही ह्या कागदावर करा."

मी सही केली आणि 'नाव कमी करावे' असा शेराही लिहून ठेवला. तेवढ्यात रतन आला. कर्ज कमी बसतंय हे ऐकून तोही तापला. "काय मॅडम, वाट लावली ना आमची! चुकीचंच घर बरं होतं की!"

ऐश्वर्याने त्याला बाकावर बसवलं. ओलीचे फोटो दाखवले, बाल्कनीचं माप समजावलं. "दादा, हा कागद मालकाला दाखवा. दुसरं गिऱ्हाईक आलं तरी त्याची बँक हेच सांगणार आहे." मी कुरकुरत का होईना, त्याला अहवालाची प्रत दिली.

आठ दिवसांनी रतन बायकोला, शकूला घेऊन हजर. हातात पेढे. मालक पुण्याहून आला होता, आधी भांडला, मग स्वतः छत बघितलं आणि तीन लाखांनी खाली आला. आता कर्ज बरोबर पुरत होतं. शकू म्हणाली, "साहेब, मॅडमनी नाय सांगितलं असतं तर पावसाळ्यात रडत बसलो असतो." आणि रतन म्हणाला, "माझ्या मेव्हण्याला टिटवाळ्याला घर घ्यायचंय. मोजायला ह्याच मॅडमना पाठवा."

तो शेरा अजून वर गेला नव्हता. मी त्या दोघांसमोरच तो फाडला आणि ऐश्वर्याला फोन लावला.

"टिटवाळ्याची फाइल येतेय. घेऊन जा."

"म्हणजे सर... मी राहिले?"

"राहिलीस."

"बाबा, मी राहिले!" ती फोन न ठेवताच ओरडली. मागे कसलंसं भांडं पडलं आणि धाकू घाडी मोठ्याने हसायला लागले. मी फोन तसाच कानाला धरून बसलो, कारण मलाही फार आनंद झाला होता.